आधी कुणाला कळलं?

सकाळी सातला सोलणीच्या हॉलचं दार उघडलं की बायका आधी भिंतीवरच्या पडद्याकडे बघत. कालच्या कामाचे क्रमांक तिथे लागलेले असत. रत्नागिरीजवळच्या या कारखान्यात चाळीसजणी बर्फात हात घालून कोळंबी सोलत आणि पहिला नंबर बहुतेक दोघींतच फिरे: नजमा होडेकर, नाहीतर विनया शिवलकर. दोघींचं टेबल एकच, पण गेली तीन वर्षं त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या.

प्रत्येकीच्या मनगटावर नाडी आणि अंगाचं तापमान मोजणारी नाडीपट्टी होती. बर्फाने हात फार गारठला की ती थरथरून इशारा देई, म्हणून ती आली तेव्हा बायकांनी आनंदाने बांधून घेतली. घरीही ती काढायची नाही, हा नियम मागाहून आला.

मंगळवारी मॅनेजर पाटणकरांनी नजमाला केबिनमध्ये बोलावलं.

"नजमाताई, अभिनंदन. सुपरवायझरची जागा तुमची."

"आणि विनया?"

"शनिवारी तिचं कंत्राट संपतंय. नवं देणार नाही."

"का? काम चोख आहे तिचं."

पाटणकरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर वर चढलेली एक रेघ होती. "हे तिच्या अंगाचं तापमान. दोन पाळ्यांच्या मध्यावर बाईचं तापमान किंचित चढतं, पाळीच्या सुमारास उतरतं. हिचं अठरा दिवस उतरलेलंच नाही. नाडीही वाढलीय. दिवस गेलेत तिला."

"तिला माहितीये?"

"नसावं. आपल्याला आधी कळतं, हाच तर फायदा." ते हसले. "रजेचा अर्ज यायच्या आतच मोकळं होता येतं."

तीन वर्षांपूर्वी नजमाचंही कंत्राट असंच अचानक संपलं होतं. ती गरोदर आहे हे तिला त्यानंतर आठवड्याने कळलं. लेक वर्षाची झाल्यावर तिला परत घेतलं, तो उपकार समजून ती गप्प राहिली होती.

"माझीपण अशीच रेघ होती का, साहेब?"

पाटणकर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"तेव्हा तुम्ही म्हणालात, विनयाने माझी तक्रार केली. केली होती?"

त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवून घेतला.

तीन वर्षं तिने विनयाला पाण्यात पाहिलं होतं. चांगली सुरी तिच्या हाती लागू नये म्हणून लपवली होती. ती तडक हॉलमध्ये गेली आणि विनयाला हात धुवायच्या नळाशी ओढत घेऊन गेली. जे ऐकलं ते सगळं तिने हलक्या आवाजात सांगितलं.

विनया आधी उसळली. "माझ्यावर नवीन डाव टाकतेस?"

"नाही गो. माझ्या लेकीची शपथ."

विनयाने मनातल्या मनात दिवस मोजले. मग तिने पट्टी ओरबाडून काढली आणि टेबलावर आपटली. "नऊ वर्षं मुलाची वाट बघितली मी! आणि हा माणूस मला सोडून सगळ्यांना सांगतोय?"

हॉलमधल्या सुऱ्या थांबल्या. पाटणकर धावत आले. "पट्टी घाला! पट्टीशिवाय आत थांबता येणार नाही."

साठीच्या सरूआक्कांनी विनयाची पट्टी उचलून स्वतःच्या हातात बांधली. "घातली. कुणी कुणाची घालायची, ते कुठे लिहिलंय तुमच्या कागदात? आता तुमचं मशीन म्हणेल, सरूला दिवस गेले. या बारशाला!"

पण हसलं कुणीच नाही. एकेकीने पट्टी काढून कोळंबीच्या रिकाम्या टबात टाकली आणि हाताला येईल ती उचलून बांधली. कुठली नाडी कुणाची, ते यंत्राला कळेना.

"मला सुपरवायझर नको," नजमा म्हणाली. "सगळ्यांची नवी कंत्राटं झाल्याशिवाय कोळंबीला हात लागणार नाही."

निर्यातीचा कंटेनर बंदरावर थांबला होता. दुसऱ्या दिवशी पाटणकरांनी विनयासकट सगळ्यांच्या कंत्राटांवर सह्या केल्या. वर बजावलं, "पुढच्या महिन्यात नव्या पट्ट्या येतायत. त्या काढता येणार नाहीत."

"येऊ देत," नजमा म्हणाली. "आम्ही पण आहोत."

संध्याकाळी दोघी फाटकातून एकत्र बाहेर पडल्या. विनया रस्त्याच्या वळणापर्यंत चालली. मग थांबली.

"घरी जाऊन यांना काय सांगू गो? मला कळलं म्हणू, की मशीनला कळलं म्हणू?"