टेकडीमागचे एकोणीस सेकंद

ही गोष्ट खरी आहे.

असं म्हणून सुरुवात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे मलाही कळतं. पण ही माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. आणि मावशी उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलली. तेही तोंडाने नाही, नुसती मान हलवून.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. रविवार होता, दुपारचे सव्वाचार. ऊन असं, की भुतालाही टोपी घालून यावं लागलं असतं.

जागा म्हणजे जुन्या रेस ट्रॅकवरची वेळ मोजायची खोली. खोली कसली, खोकंच ते. एक टेबल, दोन खुर्च्या, पुढ्यात ट्रॅक.

ट्रॅक मोडायचा ठरला होता, म्हणून शेवटचा मेळावा भरला होता. जुन्या गाड्या आल्या होत्या. लांबट, निमुळत्या, तारांच्या चाकांच्या. ड्रायव्हर छातीपासून वर उघडाच. पट्टा नाही, छप्पर नाही. डोक्याला कातडी टोपी आणि देवावर हवाला.

जुने ड्रायव्हरही आले होते. एकाला गाडीत बसवायला दोन माणसं लागली आणि उतरवायला चार. पण स्टिअरिंगवर हात पडताच म्हातारा असा ताठ बसला, की त्याच्या डॉक्टरने तोंडात बोट घालावं.

रांगेत एकच जागा रिकामी ठेवली होती.

सात नंबरची.

सात नंबर मावशीच्या नवऱ्याचा. सगळे त्याला भिंगरी म्हणत. एकेचाळीस वर्षांपूर्वी तो याच ट्रॅकवर गेला.

तेव्हा ड्रायव्हरच्या कानात कुणी बोलत नसे. सांगायचं ते पाटीवर. गाडी समोरून जाताना कठड्यावरून पाटी उंच धरायची. त्याने ती क्षणभर बघायची. नवराबायकोत एरवीही याहून जास्त संभाषण होत नाही, असं मावशी म्हणायची. पाटी धरायची तिने. वेळ मोजायची, कागदावर टिपायची तीही तिनेच.

ट्रॅक टेकडीला वळसा घालून येई. गाडी टेकडीमागे गेली की आवाज साफ बंद... बरोबर एकोणीस सेकंद. मग पुन्हा आवाज. मावशी ते एकोणीस सेकंद श्वास धरून काढायची. लग्नानंतरची सगळी वर्षं तिने अशीच काढली.

त्या दिवशी गाडी समोरून गेली आणि उस्ताद ओरडले. उस्ताद म्हणजे भिंगरीचा मेकॅनिक.

"वहिनी, मागचं डावं चाक हलतंय! आत बोलवा त्याला!"

आणि ते मागे जॅक आणायला धावले.

मावशीने 'आत' लिहिलेली पाटी उचलली. टेकडीमागून आवाज आला. सवयीने तिची नजर घड्याळावर गेली... टेकडीपर्यंतची त्याची आजवरची सगळ्यात वेगवान धाव! ती आकडा टिपायला वाकली.

फार तर दोन सेकंद.

मान वर केली तेव्हा गाडी पुढे गेली होती. पाटी तिच्या गुडघ्याशीच होती.

पुढच्या फेरीला दाखवू, असं तिने ठरवलं.

एकोणीस...

वीस...

एकवीस...

जॅक घेऊन आलेल्या उस्तादांनी विचारलं, "पाटी दाखवली ना, वहिनी?"

मावशीने मान हलवली.

तेवढंच. पण मग गावभर झालं, भिंगरी हट्टी. पाटी बघूनही आला नाही. हट्टापायी जीव घालवला. सासूबाई डोळे मिटेपर्यंत स्वतःच्याच लेकाला बोल लावत राहिल्या. मावशी त्यांचे पाय चेपत ऐकत राहिली.

आणि तो हट्टी होताच की! तापात स्वेटर घालायचा नाही. रस्ता चुकला तर विचारायचा नाही. मावशीने स्वतःची समजूत घातली, दाखवली असती तरी तो आला नसता.

या एका वाक्यावर तिने एकेचाळीस वर्षं काढली.

तर, सव्वाचार वाजले होते. गाड्या बंद करून सगळे मंडपात चहाला गेले होते. मावशी खोलीतच बसली होती. भिंतीवर जुन्या पाट्या शोभेला टांगल्या होत्या. उस्ताद दोन कप घेऊन आले.

"घ्या वहिनी. साखर नाही. आपल्या वयात गोड फक्त बोलायचं."

"तुम्ही तेही कधी बोलला नाहीत."

उस्ताद हसले. कप ओठाला लावला...

आणि तसाच राहिला.

टेकडीकडून आवाज येत होता.

मावशीला वाटलं, कुणीतरी उशिरा फेरी मारतंय. तिने रांगेकडे पाहिलं. सगळ्या गाड्या जागेवर. बॉनेट उघडी.

"सहा सिलिंडर..." उस्ताद पुटपुटले. "दुसरा जरा फाटका वाजतोय. वहिनी, हा आवाज मी स्वतः..."

 त्यांनी कप टेबलावर ठेवला.

आवाज जवळ आला. समोरून गेला. ट्रॅक रिकामा... टेबलावरचे कागद मात्र उडाले. मागे वास राहिला. तेव्हा रेसच्या इंजिनात एरंडेल घालत, त्याचा. लहानपणी ज्या वासाने पोरं पळायची, त्या वासाने मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं.

उस्ताद भानावर नव्हते. एकदम म्हणाले,

"वहिनी... चाक हलतंय."

मावशी उठली. भिंतीवरची 'आत' लिहिलेली पाटी काढली. कठड्यापाशी जाऊन उभी राहिली.

फेरी दोन मिनिटांची. आवाज लांबच्या वळणावर गेला... परत फिरला... टेकडीमागे शिरला...

शांतता.

यावेळी तिच्या हातात घड्याळ नव्हतं. तिने पाटी आधीच उंच धरली, सत्तरीतले दोन्ही हात ताणून.  आणि मनात एकच घोकत होती...

येऊ नकोस.

तुझ्या पाया पडते, हट्ट कर. निघून जा सरळ. येऊ नकोस.

सतरा... अठरा... एकोणीस...

आवाज बाहेर आला.

आणि उतरला.

एक गिअर खाली... अजून एक... अजून एक...

आज्ञाधारक पोराने हाक ऐकून वळावं, तसा आवाज ट्रॅक सोडून आत वळला. कठड्याला वळसा घालून अगदी मावशीच्या पुढ्यात येऊन थांबला. ऊन होतंच. तिच्या पोटऱ्यांना वेगळी धग लागली. इंजिन क्षणभर गुरगुरलं...

बंद झालं.

समोर काही नव्हतं. रिकामी जमीन.

उस्ताद त्या रिकाम्या जागेपाशी गुडघ्यावर बसले होते. जिथे डावं मागचं चाक असायचं, तिथे. लहान मुलासारखे रडत, हसत होते.

"बघितलंत, वहिनी? आला! पाटी दिसली की येतो तो! उगाच हट्टी म्हटलं आपण त्याला..."

मग ते थांबले. हळूहळू मान वर केली.

"पण मग त्या दिवशी..."

मावशीने पाटी खाली ठेवली.

"नाही दाखवली," ती म्हणाली. "वेळ लिहीत होते त्याची."

 उस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि मंडपाकडे चालू लागले. मावशीला वाटलं, आता हे कधीच बोलणार नाहीत आपल्याशी. तेवढ्यात माइक खरखरला.

"भिंगरी हट्टी नव्हता," उस्तादांचा आवाज आला. "पाटी दाखवायची राहिली. चूक आमची झाली."

आमची, म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेळाव्यात लोक कशालाही वाजवतात.

हे सगळं मावशीने मला सांगितलं. मग मी उस्तादांना गाठलं. शब्दन् शब्द तोच. बाकी त्या दिवशी मंडपातल्या कुणालाही काही ऐकू आलं नव्हतं.

मी मावशीला समजावून पाहिलं. वय झालं, ऊन होतं, मनाचे खेळ असतात.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "असेल. पण इंजिन बंद झालं, ते पुन्हा चालू झालंच नाही रे. आल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला. गेल्याचा कुणीच नाही."

आता तिच्याकडे गेलं की ती आतल्या खोलीचं दार ओढून घेते. ओठांवर बोट ठेवते.

"हळू बोल," म्हणते. "दमून आलाय."

मी भुतंखेतं मानत नाही.

पण त्या घरात मी अजून हळूच बोलतो.