निकाल लागेपर्यंत

श्कोदरचा पाऊस कुणाची भीडभाड ठेवत नाही. त्या दिवशी त्याने गावात नव्यानेच आलेल्या न्यायाधीश बाईंना, वितोरेला, नखशिखांत भिजवलं. वितोरे स्टेशनकडून चालत येत होती. छत्री वाऱ्याने उलटी झालेली, बुटांत पाणी, आणि ज्या खोलीत उतरायचं ती कुठे आहे याचा पत्ता नाही. समोर दिसलं त्या कॅफेत ती शिरली आणि भिंतीकडच्या टेबलाशी बसून तिने एक माकियातो, थोड्या दुधाची कडक कॉफी, मागवली.

खिडकीपाशी एक तरुण बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं... फार नाही, भिजलेल्या चिमणीकडे पाहावं तेवढंच, आणि हसू लपवायला कपात तोंड घातलं. वितोरेला रागच आला. मग समोरच्या आरशात तिला स्वतःचे केस दिसले आणि तिलाही हसू फुटलं. तोवर तो उठून गेला होता. एका हातात सायकलचं हँडल, दुसऱ्या हातात उघडी छत्री, अशा थाटात तो पावसातून निघाला. आमच्या गावात सगळेच तसे जातात, त्यात बघण्यासारखं काही नाही. तरी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत होती.

पैसे द्यायला ती उठली, तर कॅफेवाले पालोककाका म्हणाले, "दिलेत."

"कुणी?"

"तोनिनने. खिडकीतल्या."

"पण मी त्यांना ओळखत नाही."

"मग काय झालं? तू भिजली होतीस, गावात नवीन दिसलीस. दिले त्यानं."

आता हे आमच्याकडचं रोजचंच. कुणाला बाळ झालं, कुणी दुःखात दिसलं, कुणी नुसतंच आवडलं, की त्याची कॉफी परस्पर देऊन टाकायची आणि आभाराची वाट न बघता निघून जायचं. नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. पण वितोरे आली होती थेट राजधानीतल्या प्रशिक्षणातून. जुनी राजवट पडून लोकशाही आली, तिलाही वर्षं लोटली, तरी कोर्टावर लोकांचा विश्वास काही बसत नव्हता. तेव्हा परदेशातून पैसा आला, तज्ज्ञ आले, देशभरच्या न्यायाधीशांची छाननी झाली आणि त्यातले कितीतरी घरी गेले. नव्यांना नीती शिकवायला आल्या हॉलंडच्या वीप्केबाई. निवृत्त न्यायाधीश, ताडमाड उंच, आणि स्वतःचा पाव-चीजचा डबा बरोबर बाळगणाऱ्या. "तुमच्या कॉफीचे पैसे जो देतो," त्या म्हणायच्या, "तो उद्या तुमच्या शेजारी खुर्ची टाकून बसतो." दुधाने तोंड पोळलेला देश ताकसुद्धा फुंकून प्यायला शिकत होता.

वितोरेने पैसे पुढे केले. काकांनी हात पाठीमागे घेतले. एका कॉफीचे पैसे दोनदा घेणारा माणूस त्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. तिने नाणी टेबलावर ठेवली आणि ती निघाली, तर म्हातारा भर पावसात मागून धावत आला आणि तिच्या खिशात ती परत टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी ती न्यायासनावर बसली. पहिल्याच खटल्यात वकील म्हणून समोर उभा राहिला तो तोनिन. त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

खटला वितोरे शाळेत होती तेव्हापासूनचा. तळ्याकाठी जमिनीचा एक तुकडा. जुन्या राजवटीआधी तो प्रेक नावाच्या माणसाच्या बापाचा होता. राजवटीने तो काढून घेतला. राजवट पडली, सामुदायिक शेती मोडली, आणि तुकडा आला लूचे नावाच्या बाईच्या वाट्याला. तिने तिथे घर बांधलं, द्राक्षाचा मांडव घातला, नवऱ्याला तिथूनच शेवटचा निरोप दिला. दोघांकडे कागद, दोघांच्या कागदांवर शिक्के. न्यायाधीश बदलले की दर वेळी खटला पहिल्यापासून. मधल्या काळात प्रेक वारला; आता त्याची मुलं लढत होती आणि तोनिन त्यांचा वकील होता.

काम सुरू करण्याआधी वितोरेने घसा खाकरला आणि कालची कॉफी सगळ्यांसमोर सांगून टाकली. वकील कोण हे तिला ठाऊक नव्हतं, ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी कुणाची हरकत असेल तर तिने बाजूला व्हायला हवं. हॉलमध्ये खसखस पिकली. लूचे काठी टेकत उठली.

"पोरी, एका कॉफीसाठी उठून जाणार असशील, तर ह्या गावात न्याय करायला उरेल कोण? बस. काम कर."

नंतर तोनिनने तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. मुद्दाम लूचेच्या वकिलाला बरोबर घेऊन, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. त्याने माफी मागितली. पुन्हा आयुष्यात कुणाला कॉफी पाजणार नाही, म्हणाला.

"पाजा की. मला सोडून कुणालाही पाजा."

"तेच जरा अवघड आहे, मॅडम..."

हे तो इतकं हळू म्हणाला की लूचेच्या वकिलाने ऐकलं नाही. वितोरेने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

तिने कॅफे बदलायला हवा होता. बदललाही. पण तिथली कॉफी फार कडू आहे असं तिने स्वतःला पटवलं आणि ती भिंतीकडच्या टेबलावर परत आली. तो खिडकीत, ती भिंतीशी, मध्ये चार टेबलं. हिवाळाभर हेच चाललं. कोर्टाच्या पायरीवर गाठ पडली की दोघं बोलत, पण दार उघडं आणि चारचौघं आसपास असताना.

"मॅडम, हवामानावर बोललं तर चालेल?" त्याने एकदा विचारलं.

"हवामानाचा खटला माझ्याकडे नाही. तेव्हा चालेल."

"मग सांगतो... आज तळ्यावर इतकं धुकं होतं, की समोरचं माणूस अगदी जवळ असूनही दिसेना."

"धुकं आहे," वितोरे म्हणाली, "विरेल."

"केव्हा?"

"ते हवामान खात्याला विचारा, वकीलसाहेब."

एवढ्याशा बोलण्यावर तिचा आठवडा निघायचा. खोलीवर परतल्यावर ती ते "केव्हा" पुन्हा पुन्हा मनात घोळवायची. एकदा कोर्टाच्या अंगणात तिच्या सायकलची चेन उतरली. तो दोन हातांच्या अंतरावर उभा. त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला. तिने आपली आपण चेन चढवली, बोटं काळी करून घेतली, आणि तो नुसता बघत उभा राहिला. इतकी जवळीक तिने आयुष्यात कुणाची अनुभवली नव्हती.

खटला सोडून दे म्हणून त्याला सांगायची सोय नव्हती. म्हातारा प्रेक मरताना तोनिनने त्याचा हात हातात घेऊन बेसा दिली होती, की शेवटच्या कोर्टापर्यंत मी हा खटला लढेन. बेसा म्हणजे आमच्याकडे दिलेला शब्द. तो एकदा दिला की सुटका नाही. आणि वितोरे बाजूला झाली असती तर खटला पुन्हा पहिल्यापासून. लूचेच्या हातून आताशा काठीही सुटायला लागली होती. म्हणजे दोघांनाही सोडता येईना आणि धरताही येईना.

वसंतात वीप्केबाई श्कोदरला आल्या. एका हॉटेलात न्यायाधीश आणि वकील एकत्र बसवून त्यांनी नीतीचे प्रसंग चर्चेला घेतले. तिसरा प्रसंग होता: एका छोट्या गावातल्या न्यायाधीश बाईला तिच्यासमोर येणारा वकील आवडतो. बिचाऱ्या बाईंनी तो आपल्या देशातून आणला होता, गावाची त्यांना काय कल्पना! सगळा हॉल एकदम टाचणी पडली तरी ऐकू यावी असा शांत झाला. बाईंनी नेमकं वितोरेलाच विचारलं, हिने काय करावं?

वितोरे उठली. कान तापले होते.

"सांगून टाकावं," ती म्हणाली. "त्याला नाही. कोर्टाला."

तोनिन टेबलाकडे बघत होता. त्याची मान वर झालीच नाही.

दुपारी तळ्याकाठी वीप्केबाई आपला डबा उघडून बसल्या होत्या. वितोरे जाऊन शेजारी बसली आणि तो प्रसंग आपलाच आहे म्हणाली. बाईंनी पावाचा अर्धा तुकडा तिच्या हातात दिला. कॉफी नाकारायला शिकवणारी बाई आपला पाव देते, याचं वितोरेला हसू आलं आणि मागोमाग रडूही.

"त्याच्या बाजूने निकाल देशील अशी भीती वाटते?"

"नाही. त्याच्याविरुद्ध देईन अशी वाटते. मी स्वच्छ आहे हे गावाला दाखवायला."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, तोही अन्यायच. खुर्चीतून प्रेमाला बाहेर काढणं सोपं असतं, स्वतःच्या नावाच्या काळजीला बाहेर काढणं कठीण.

पुढच्या तारखेला वितोरेने भर कोर्टात सांगितलं. वादीच्या वकिलांबद्दल आपल्या मनात ओढ आहे. दोघांमध्ये याबद्दल उघड एक शब्दही झालेला नाही, आणि निकाल लागेपर्यंत होणार नाही. दोन्ही पक्षांपैकी एकानेही नको म्हटलं तर ती आज उठेल. हे बोलताना तिने तोनिनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर वाक्य पुरं झालं नसतं.

प्रेकच्या मुलांनी चालेल म्हटलं. त्यांना ते चालणारच होतं. सगळे लूचेकडे वळले.

"मला डोळ्यांनी कमी दिसतं, पण एवढं दिसतं," लूचे म्हणाली. "अख्खा हिवाळा ही दोघं चार टेबलं सोडून बसली. मी तरुणपणी एक दिवस बसले नसते. तूच दे निकाल."

निकाल लिहायला वितोरेने पुढे तीन आठवडे घेतले. एकेक शिक्का तपासला. आधी प्रेकच्या बाजूने लिहून पाहिलं, खरोखर मन लावून लिहिलं, पण ते उभं राहीना. कायदा लूचेच्या बाजूचा होता. तोनिन हरणार होता आणि हरवणारी ती होती. हे कळलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. आता तो तिच्याकडे पुन्हा कधी तसं बघेल असं तिला वाटेना.

निकाल वाचताना तिचा आवाज कापला नाही. तोनिनने कागद गोळा केले, रीतीप्रमाणे मान लववली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी खिडकीतलं टेबल रिकामं. तिसऱ्या दिवशीही. पालोककाका तिच्यापुढे कप ठेवून न बोलता आत जायचे. ती बसायची, कॉफी थंड व्हायची. आपण बरोबर वागलो याचं समाधान असतं म्हणतात. तिला ते कुठेच सापडेना. तिला फक्त तो हवा होता, इतका हवा होता की सायकलची घंटा वाजली तरी ती दाराकडे बघायची.

रविवारी संध्याकाळी सारं गाव तळ्याकाठी फिरायला निघतं. वितोरेही गेली, कारण खोलीत बसवेना. गर्दीतून तो समोरून आला, सायकल हाताने ढकलत. दाढी वाढलेली. तिच्यापुढे येऊन थांबला.

"अपील केलंय," तो म्हणाला. मॅडम म्हणाला नाही. "तुमच्या निकालात दोन चुका आहेत. एक तर ढळढळीत."

"एकही नाही."

"ते वरचं कोर्ट ठरवेल. आणि दुसरा एक अर्ज दिलाय. यापुढे तुमच्यासमोर मी एकही खटला चालवणार नाही. कामाला लेझेच्या कोर्टात जाईन."

"रोज? एवढ्या लांब? कशासाठी?"

"तुमच्याशी बोलायचंय म्हणून." तो थांबला. पाण्याकडे बघत राहिला. "मी अजून चिडलेलो आहे, हे आधी सांगतो. प्रेकच्या पोरांना तोंड दाखवत नाही. तुमचा निकाल मी चुका काढायला वाचला, रागारागाने. शेवटपर्यंत वाचला... आणि त्यात मी कुठेच नव्हतो. माझ्या बाजूनेही नाही, माझ्याविरुद्धही नाही. मग वाटलं, हिने मला इतक्या कष्टाने बाहेर ठेवलंय... म्हणजे मी हिच्या फार आत असणार."

वितोरे एक पाऊल पुढे आली.

"अपील हरलास तर?" तिने विचारलं. त्याला एकदम 'तू' कधी म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

"तर घरी येऊन तुझ्याशी भांडेन."

"आणि जिंकलास तर?"

"तू माझ्याशी भांडशील."

"म्हणजे घर एकच धरून चालला आहेस," वितोरे म्हणाली, आणि सायकलच्या हँडलवर, त्याच्या हाताशेजारी, तिने आपला हात ठेवला. सारं गाव बघत होतं. तिने हात काढला नाही.