कॅसेटमधली आई

चार दुकानांनी ‘टेपच खराब आहे’ सांगून मला परत पाठवलं होतं. पाचवं दिसलं ते केवळ कामठीचा शेअर ऑटो बर्डीच्या बाजारात त्याच्या दारात बंद पडला म्हणून... पाटी होती, ‘जुन्या कॅसेटा कॉम्प्युटरवर करून मिळतील.’ आत दुकानाचा मालक विहंग कूलरसमोर ओले केस वाळवत बसला होता.

“मी अपेक्षा. आईबाबांचं लग्न आहे यात,” मी कॅसेट पुढे केली. “मी वर्षाची होती तेव्हा आई गेली. फोटोत सगळीकडे मान खाली. चेहरा दिसेल तर यातच. पण कॉम्प्युटरवर घेतलं की एकाचे दोन दिसतात.”

“घोस्टिंग म्हणतात याले. टेपच—”

“खराब आहे म्हणू नका. मी इथून हलत नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि स्टूल पुढे सरकवलं.

पुढचे पाच दिवस ऑफिस सुटलं की मी त्या स्टुलावर. विहंगने वायर बदलली, व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसलं, दुसरा व्हीसीआर आणला. आई तशीच, एकावर एक दोन! मग तो तर्रीपोहे मागवायचा, आणि माझ्या प्लेटीत कांदा जास्त सांगायचा.

“तुम्ही काहून रोज येऊन राहिल्या? झालं की फोन करतो ना.”

“तुम्ही मधेच सोडून द्याल म्हणून.”

“मी सोडणारा दिसतो?”

“अजून ठरवलं नाही,” मी म्हटलं. खोटं! बुधवारीच ठरलं होतं.

शनिवारी मी ओरडलेच. “थांबा! आई स्थिर बसली की एकच दिसते. हलली की दोन. टेप खराब असती तर नेहमीच दोन दिसली असती!”

विहंगने कपाळावर हात मारला. “माझीच चूक, अपेक्षा.”

जुन्या टेपवर प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं, त्याने सांगितलं. आधी एकाआड एक रेघा, मग क्षणभराने उरलेल्या. तेवढ्यात माणूस हललेला असतो. कडांवर कंगव्याचे दात दिसतात, गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून तो दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळून टाकायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना, सगळ्याच दुकानांत तेच सेटिंग.

त्याने ते काढलं. टेप पुन्हा घेतली, अर्धी वेगळी केली, प्रत्येकाचं पूर्ण चित्र बनवलं.

“लाव,” मी म्हटलं. अहो-जाहो कधी सुटलं, कळलंही नाही.

मंगलाष्टकं संपली. अक्षता उडाल्या, दाणा न् दाणा सुटा. अंतरपाट सरकला... आईने मान वर केली. एकच आई! आणि समोरच्या नवरदेवाला तिने चक्क डोळा मारला.

मी रडत होते नि हसत होते. बाबा जन्मभर सांगत आले, ‘तुही आई लय लाजाळू होती.’ लबाड!

“झालं मग काम,” विहंग हळूच म्हणाला. “उद्यापासून... येणार नाही ना?”

मी पर्स उचलली. दारापर्यंत गेले, वळले, आणि आईसारखाच त्याला डोळा मारला.

तो धडपडत उठला. “मले नीट दिसलं नाही वं! पुन्हा—”

“तू आवडतो मले,” मी म्हटलं. “उद्या बाबांना घेऊन येते, आईला पाहायला. त्यांच्यासमोर पुन्हा मारीन. तेव्हा मान खाली नको घालू गा.”