आबांच्या गाण्यांची समसमान वाटणी

“एकच गाणं लावा ना मावशी! एकच!” ब्लेसी हटूनच बसली.

“आत्ता न्हाई गं. सकाळीच ऐकलं. रोजच ऐकते मी.” सुवर्णामावशींनी पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत आणखी आवळला.

“मग आज पहिलं कुठलं लागलं?” टोनीनं विचारलं.

“पहिलं... ते आपलं... चांगलं होतं!” असं म्हणत मावशी उतू चाललेल्या दुधाकडे धावल्या. गॅसवर दूध नव्हतंच.

दोघं बाहेर आली. “सरळ थापा!” टोनी म्हणाला. “आणि ताईचं लग्न शनिवारी आहे!”

टोनी दौंडचा. सुट्टीत तो शिरूरला मामेबहिणीकडे, म्हणजे ब्लेसीकडे आला होता. दोघांचे आजोबा अब्राहामआबा. शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्याही लग्नात नवरी चर्चमध्ये शिरताना आबाच गायचे. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आबांचा आवाज गेला. त्याआधी स्पीकरवाल्या बन्सीआप्पांनी त्यांची सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती, म्हणून बरं. टोनीची बहीण कृपा हिनं लग्नात ना दागिना मागितला ना घोडागाडी. “मी आत येईन ती आबांच्या गाण्यावर,” एवढंच ती म्हणाली होती.

ही गाणी सांभाळायला शिरूरमध्ये समिती होती. तिच्यात सुवर्णामावशी, बन्सीआप्पा आणि जॉन्सनमामा अशी तीन माणसं होती, प्रत्येकाकडे एक पेनड्राइव्ह होता आणि तिघंही अध्यक्ष होते. सभासद व्हायला कुणी तयार नव्हतं. समितीनं आजवर एक रबरी शिक्का करून घेतला होता आणि तो कुणाकडे राहावा यावर चार बैठका घेतल्या होत्या.

तेवढ्यात बन्सीआप्पांची मोनाली धापा टाकत आली. “अरे, आमच्या आप्पांचा पेनड्राइव्ह मी गुपचूप लॅपटॉपला लावला! आत एकच फाइल आहे आणि ती उघडतच नाही. नावाच्या शेवटी ‘००३’ असं काहीतरी आहे.”

“तीन? मग एक आणि दोन कुठंयत?” ब्लेसीचे डोळे चमकले. “चला जॉन्सनमामांकडे!”

जॉन्सनमामांचा कॉम्प्युटर क्लास होता. भिंतीवर चार प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली होती. त्यांतलं एक पोहण्याचं होतं.

“मामा, गाण्यांचं नेमकं काय केलंत?” ब्लेसीनं साळसूदपणे विचारलं.

मामा खुलले. “सायन्स आहे ते! सगळी गाणी एका फाइलमध्ये बांधली, दाबून लहान केली. झिप म्हणतात त्याला. मूळ गाणी टाकली पुसून. उगाच जागा अडते!”

“पुसली?” टोनी किंचाळला.

“मग ती फाइल कुणाकडे, यावरून वाद झाला. मी म्हटलं, भांडता कशाला? बांध घालतात तशी समसमान वाटणी करू! प्रोग्रॅममध्ये सोय असतेच. पहिला वाटा माझा, दुसरा सुवर्णाबाईंचा, तिसरा बन्सीचा. एका कणाचाही फरक नाही!”

“तिघांना तीन कॉप्या का नाही दिल्या?”

“मग अस्सल कुणाची, यावर पुन्हा भांडण! अनुभव आहे बाळा आम्हाला.”

“आणि तुमचा वाटा वाजतो?”

“अं? म्हणजे काय! रोज ऐकतो!” मामा अचानक माऊस पुसू लागले.

रस्त्यावर येताच ब्लेसीनं कपाळावर हात मारून घेतला. “गाद्या-उशा एका वळकटीत बांधायच्या आणि मग ती वळकटी करवतीनं कापायची! एकाच्याही तुकड्यातून धड उशी निघणार नाही.”

“पण तिन्ही तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवले तर?” मोनाली म्हणाली. “मग उघडेल की!”

“तिघांपैकी एक तरी देईल का? समिती आहे ती!”

मोनाली विचार करत हसू लागली. “मागायचं नाहीच. फक्त एक बातमी पसरवायची.”

दुपारपर्यंत बातमी तीन घरी पोचली. दौंडला म्हणे तिघांचे पेनड्राइव्ह सगळ्या वऱ्हाडासमोर एकेक करून वाजवून पाहणार!

सगळ्यात आधी सुवर्णामावशी आल्या. “ब्लेसे, हे घे. आन् कुणी इचारलं तर म्हण, मावशीचा हरवला. कुठं हरवला ते तूच ठरव.”

मग मागच्या दारानं बन्सीआप्पा. “मोने, कुत्र्यानं पळवला म्हणून सांग.”

“आप्पा, आपल्याकडं कुत्रं कुठं हाय?”

“शेजारच्यांचं सांग की!”

शेवटी मामा. त्यांनी पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळून टोनीच्या खिशात कोंबला. “यात व्हायरस शिरलाय. अतिशय उच्च दर्जाचा. घोड नदीत टाकून ये.”

“टाकतो हं मामा!” टोनी इतक्या आज्ञाधारकपणे म्हणाला की मामांना भरून आलं.

मोनालीनं लॅपटॉप उघडला. तीन तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवले, पहिल्यावर क्लिक केलं. एक पट्टी सरकू लागली. पट्टी भरताच तिनं पहिलं गाणं लावलं. आणि आबांचा आवाज खोलीभर पसरला!

“वाजलं!” टोनीनं लॅपटॉपचीच पापी घेतली. ब्लेसीनं लगेच सगळी गाणी चार ठिकाणी उतरवली. अस्सल कुठली, हे कुणी विचारलं नाही.

शनिवारी दौंडच्या चर्चमध्ये दार उघडलं. कृपा आत आली आणि गाणं सुरू झालं. पहिल्या बाकावर आबा दचकले. मग त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलू लागले. आवाज नव्हता, पण गुडघ्यावर ताल बिनचूक पडत होता. कृपा वेदीकडे जायची सोडून आधी त्यांच्याकडे गेली. पाद्रीसाहेब थांबले.

जेवणाआधी तिन्ही अध्यक्ष एकदम उभे राहिले.

“माझ्याच पेनड्राइव्हमधलं गाणं!” मामा म्हणाले.

“माझ्या!”

“आवो, माझ्या!”

“पण तुमचे तर हरवले, नदीत गेले आणि कुत्र्यानं पळवले ना?” ब्लेसीनं अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं.

मांडव खदखदून हसला. आबांनी तिन्ही मुलांना खुणेनं जवळ बोलावलं, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोनालीचा हात बराच वेळ सोडला नाही.

“पोरं हुशार हायेत, मान्य!” बन्सीआप्पा पुटपुटले. जॉन्सनमामांनी मात्र माईक धरला. “समितीच्या दूरदृष्टीमुळे आज या बालकांना...”

आबांनी मोनालीकडे पाहून बोट वर केलं. पुन्हा वर केलं. मोनालीनं पुढचं गाणं लावलं आणि आवाज होता तेवढा सगळा सोडला.