मागे एक बाई मोजतेय

सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर फिल्टर बसवून द्यायचं, एवढंच काम होतं. नवऱ्याने सकाळी चहा पिता पिताच ते तिच्या गळ्यात घातलं आणि स्वतः कामावर पसार झाला. तिलाही नाही म्हणवलं नाही. विमा कंपनीत ती दिवसभर दुसरं काय करत होती? आलेल्या तक्रारी गाळायच्या, खऱ्या वर ठेवायच्या, रिकामटेकड्यांच्या खाली ढकलायच्या.

दुपारी ती सासऱ्यांकडे गेली, तेव्हा म्हातारा खिडकीजवळच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसला होता. टेबलावर हॅम रेडिओचा सेट होता, पण त्यावर कापड झाकलेलं. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवरची एरियलची तार उतरवली होती आणि सेटची वायरही भिंतीतून काढून ठेवली होती. उभं आयुष्य जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारण्यात गेलेला हा माणूस आता नुसता पडद्यावरच्या ओळी बघत बसायचा.

"हे काय असतं तरी काय, बाबा?"

"चहाड्या," ते म्हणाले. "अमक्याला तमका ऐकू आला की तो इथे टाकतो. कोणी ऐकलं, कुणाला ऐकलं, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, आणि शेवटी एखादा शेरा. जगभरचे हौशी लोक दिवसभर हेच करतात. स्वतःचं नाव मात्र स्वतः टाकायचं नाही. ते वाईट दिसतं. दुसऱ्याने ऐकलं, तरच तुम्ही आहात."

"आणि तुम्हाला यातलं काय नकोय?"

"माझं नाव. म्हणजे रेडिओवरचं नाव, माझा कॉलसाइन. तो दिसायला नको."

ती हसली. "सेट बंद, तार खाली. तुमचं नाव येईलच कशाला?"

"तू फिल्टर बसव, सूनबाई. वाद घालू नकोस."

तिने मुकाट्याने त्यांचा कॉलसाइन टाकला आणि बटण दाबलं. ऑफिसातल्या सवयीने हात गेला आणि घोटाळा झाला. तिकडे आधी काय हवं ते निवडायचं असतं. इथे मात्र तिने 'हे गाळा' ऐवजी 'फक्त हेच दाखवा' दाबलं होतं. भराभर सरकणाऱ्या ओळी थांबल्या. पडदा कोरा झाला, आणि मग एकेक ओळ वर येऊ लागली. प्रत्येकीत एकच कॉलसाइन होता. सासऱ्यांचा.

ऐकणारे पार जगाच्या दुसऱ्या टोकाचे होते. शेरे त्रोटक होते. 'सिग्नल चांगला. कोणी बोलत नाही.' 'हाका मारल्या, उत्तर नाही.' 'मागे एक बाई मोजतेय.'

तिने ती ओळ पुन्हा वाचली. खोलीत शालीला येतो तसा कपाटाचा वास होता. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता, बाकी शांत.

"कुणीतरी तुमचं नाव चोरलं असेल, बाबा. वाह्यात लोक असतात."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण मोजणारी बाई कुठून चोरणार?"

तिला कळायला वेळ लागला नाही. म्हातारा माईकवर बोलायचा तेव्हा सासूबाई याच खोलीत कोपऱ्यात विणत बसायच्या. तोंडातल्या तोंडात टाके मोजायच्या. परक्या देशातले लोक गमतीने विचारायचे, तुमच्या मागच्या बाईंचे किती झाले? ते हात हलवून 'हळू' म्हणायचे, आणि त्या मुद्दाम आणखी मोठ्याने मोजायच्या.

"तुम्ही ऐकलंत का?"

"शेजारच्या गल्लीतल्या मित्राचा सेट तारेसकट आणून लावला. नुसती खरखर." त्यांनी शाल आवळली. "आमच्या लहरी आभाळाला आपटून लांब जाऊन पडतात. मधल्या पट्ट्यातल्यांना काहीच ऐकू येत नाही. लांबच्यांना स्पष्ट. आता बघ ना, चाळीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिचा आवाज ऐकतंय कोण, तर जन्मात न भेटलेली माणसं. मला फार वाईट वाटतं गं त्याचं."

तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंवर तिचा जीव होता, आणि या म्हाताऱ्यावर तर त्याहून जास्त.

"मग नाव लपवायचं कशाला?"

"तो स्वेटर माहीत आहे ना तुला? करडा. तिने शेवटच्या आजारपणात विणायला घेतलेला."

माहीत होता. सासूबाईंनी अंथरुणावर बसून तो विणला होता, आणि दम लागला की सासऱ्यांना दरडावायच्या, "हा पुरा होईपर्यंत कुठे जायचं नाही तुम्ही. थंडीत उघड्या अंगाने सोडणार नाही मी." दुसरी बाही अर्धी झाली, आणि त्याच गेल्या. सुयांसकट तो स्वेटर तिने स्वतःच्या हाताने पिशवीत घालून कपाटात ठेवला होता.

"हे बघत बसलो की मी ती बाही पुरी होण्याची वाट बघायला लागतो," म्हातारा म्हणाला. "आणि मला वाट बघायची नाहीये. अजून नाही. तुमच्यात जीव अडकतो."

फिल्टर बदलायला तिने हात पुढे केला, तेवढ्यात नवी ओळ आली. ऐकणारा आता समुद्रापलीकडचा नव्हता, शेजारच्या देशातला होता. फ्रिक्वेन्सी खाली उतरली होती. पुढची ओळ आणखी खालची, आणखी जवळची. 'बाई मोजतेय. घाईत.'

"फ्रिक्वेन्सी उतरली की मधला पट्टा आखडतो," म्हातारा हळूच म्हणाला. "जवळ येतेय ती..."

खिडकीबाहेर उन्हं कलली. दोघंही पडद्याकडे बघत राहिली. शेवटची ओळ आली ती याच गावातून, पुलापलीकडे राहणाऱ्या, रेडिओ क्लबच्या सेक्रेटरीकडून. आतापर्यंतच्या ऐकणाऱ्यांत आपली भाषा कळणारा हा पहिलाच. 'मोजणं थांबलं. शेवटी बाई म्हणाल्या, झालं.'

म्हातारा उठून उभा राहिला. चेहऱ्यावर भीती नव्हती, आणि तेच तिला सहन होईना. खूप दमलेल्या माणसाला कुणी अंथरूण घालून द्यावं, तसे ते दिसत होते.

"सूनबाई... तो स्वेटर आण."

ती आतल्या खोलीत गेली. कपाटातली पिशवी जागच्या जागी होती. सुया बाहेर काढून शेजारी नीट ठेवलेल्या होत्या. दोन्ही बाह्या सारख्या, दोन्ही पुऱ्या. शेवटचे टाके बंद केलेले, फक्त लोकरीचं एक टोक लोंबत होतं. तिने हात लावला. लोकर कोमट होती.

बाहेरून हाक आली. "सापडला का?"

तिने विचार केलाच नाही. टोक धरलं, गाठ सोडली आणि ओढलं. टाके पटापट सुटत गेले, एकेक ओळ, मनगट, अर्धी बाही. उरलेले टाके सुईवर चढवले, स्वेटर परत पिशवीत ठेवला, सुटलेली कुरळी लोकर तशीच कुर्त्याच्या खिशात कोंबली आणि ती बाहेर आली.

"अर्धी बाही बाकी आहे, बाबा. ठेवलाय तसाच आहे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग ते सावकाश खाली बसले. "बरं झालं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. "बरं झालं गं पोरी."

तिचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर नवी ओळ आली. पुन्हा सेक्रेटरीच. 'पुन्हा पहिल्यापासून मोजतायत. मध्येच सूनबाई म्हणून हाक मारतात. चिडल्यासारख्या.'

"काय आलं?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"काही नाही." या वेळी तिने न चुकता 'हे गाळा' दाबलं. ओळी गेल्या. परक्यांची नावं पुन्हा भराभर सरकू लागली.

मग तिचं लक्ष खाली गेलं. घाईत स्वेटरपासून लोकर तोडायची राहून गेली होती. तिच्या खिशातून निघालेला धागा फरशीवरून आतल्या खोलीपर्यंत सैल पडला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू ताणला गेला, आणि खिशातली लोकर थोडी थोडी करून कमी होऊ लागली.