बरणीतली निवटी

“‘निवटी हा खाजणाच्या चिखलात राहणारा मासा,’” केळशीकरबाई वाचत होत्या, “‘त्याचा रंग जुन्या मेणबत्तीसारखा फिकट असतो…’”

मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं.

सुलक्षणा धुरीने मान वळवून पाहिलं. निबंध तिचा होता! घाटकोपरच्या त्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांनी निसर्गाबद्दल मराठीत, चार माणसांना कळेल असं लिहायला शिकावं, म्हणून बाईंनी दर शनिवारी दुपारी हा वर्ग सुरू केला होता. वर्गातला सगळ्यांत चांगला लेख येत्या शुक्रवारी रेडिओसाठी ध्वनिमुद्रित होणार होता, तोही लिहिणाऱ्याच्याच आवाजात. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हाच लेख जाणार.” टाळ्या झाल्या. पण सुलक्षणाच्या कानात ते हसूच राहिलं.

जिन्यावर तिने त्याला गाठलं. माहुलच्या कोळीवाड्यातला हरेश्वर. जूनपासून वर्गात येऊन बसायचा, पण एक ओळ लिहून दिली असेल तर शपथ!

“हसायला काय झालं रे?”

“काय नाय.”

“काय नाय कसं? सगळ्यांसमोर हसलास ना!”

तो दोन पायऱ्या खाली थांबला. “रागावणार नसशील तर सांगतो. तू बरणीतली निवटी लिहिलीस गं. फॉर्मलिनमध्ये ठेवलं की माशाचा रंग उडतो. जिती निवटी मातकट असते, आणि तिच्या अंगावर निळे ठिपके… असे चमकतात ना, की बस!”

सुलक्षणाचा चेहरा खर्रकन उतरला. प्रयोगशाळेतल्या त्या बरणीसमोर चार दुपारी बसून तिने एकेक वाक्य घासूनपुसून लिहिलं होतं. जिती निवटी पाहायला हवी, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“मग वर्गातच का नाही सांगितलंस?”

“सांगणार होतो. पण तू एवढी खूश दिसत होतीस…” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “उद्या साडेदहाला ओहोटी आहे. येतेस?”

घरी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी चाळीत शिरली होती. एका मैत्रिणीने ती बाबांच्या कानावर घातली, आणि धाकू धुरींच्या कानावर पडलेली गोष्ट चार भिंतींत राहिली, असं कधी झालं नव्हतं. गिरणीत मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढल्यामुळे त्यांचा साधा बोलण्याचा आवाजही तीन मजले ऐकू जायचा. “माझा चेडू रेडिओर बोलतला!” ते गॅलरीतून लेकीचं कौतुक सांगत होते. शेजारच्या कुंदाताईंनी आपला रेडिओ पुसून ठेवला होता. सुलक्षणाला अन्न गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी माहुलला हरेश्वरची आई सखुबाई दारातच भेटली. “चपला काढ, बाय,” ती हसत म्हणाली. “चिखलान रुतून बसतीन.”

तिवरांच्या कडेला एका जुन्या फळीवर दोघं बसली. समोर नुसता ओला, चकचकीत चिखल. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“कुठे आहेत रे?”

“शू… हलू नको.”

तो हलत नव्हता. नाकावर डास बसला तरी त्याने हात उचलला नाही. वर्गात मागच्या बाकावर अंग चोरून बसणारा मुलगा तो हाच का? सुलक्षणाला वाटलं, आपण पुस्तकाच्या पानाकडेही कधी इतक्या मनापासून पाहिलेलं नाही. निवटी राहिली बाजूला, ती त्याच्याकडेच बघत बसली.

“तिकडे बघ,” तो पुटपुटला. “माझ्याकडे काय बघतेस?”

ती लाजून चूर झाली. आणि तेवढ्यात… चिखलातून दोन टपोरे डोळे वर आले. मग अंग. मातकट, आणि त्यावर खरोखरच निळे ठिपके, उन्हात लखलखणारे! ती निवटी शेपटीवर ताठ झाली, पाठीवरचा पर फुलवून हातभर उंच उडाली, आणि थपकन चिखलात पडली. पुन्हा उडाली. पुन्हा.

“अय्या! असं का करते ती?”

“नर आहे. मादीला दाखवतो… मी इथं आहे म्हणून.”

“आणि मादी?”

“बसून बघते.”

“नि मग?”

“पसंत पडला तर त्याच्या बिळात जाते. नाय पडला तर…” त्याने खांदे उडवले. “बिचारा उडतोच आहे.”

सुलक्षणा ओठ दाबून हसली. मग त्याने खिशातून एक वही काढली. दोन वर्षांच्या ओहोट्या, किती नर, किती उड्या, कुठला नर बीळ सोडून कुठे गेला, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

“हरेश्वर! हे तू वर्गात का देत नाहीस?”

“बघ ना भाषा. ‘नर उडी हानतो.’ बाई लाल शाईची बाटली रिकामी करतील. तू वाच हवी तर. बाईंना दाखवू नको.”

सोमवारी तिने ती सरळ बाईंच्या टेबलावर ठेवली.

“बाई, माझी निवटी खोटी आहे. मी जिती पाहिलीच नव्हती.”

बाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, “रंगाच्या चार ओळी दुरुस्त कर. लेख तुझाच जाईल.”

किती सोपं होतं! बाबा, चाळ, पुसून ठेवलेला रेडिओ… सगळं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. 

“नको, बाई. दोन वर्षं चिखलात तो बसलाय. बोलायचं तर त्यानेच बोलावं.”

बाईंनी हरेश्वरला बोलावून घेतलं. लाल शाईचं पेन त्यांनी उघडलंसुद्धा नाही. तो बाहेर आला तो तिच्यावर उखडलाच. “वाट लावलीस तू माझी! रेडिओवर बोलू मी? मी?” पण शुक्रवारी तो गेला.

आणि त्याच दिवशी हे कळल्यावर धाकू धुरींनी लेकीशी बोलणं टाकलं. “आता चाळीत तोंड खंय दाखवू?” एवढं विचारून ते जे गप्प झाले, ते पाच दिवस.

बुधवारी संध्याकाळी, लेख रेडिओवर लागायच्या वेळी, कुंदाताईंच्या खोलीत तरीही माणसं जमली, बाबासुद्धा. सुलक्षणाने हरेश्वरला मुद्दाम बोलावलं होतं. चाळीत त्याला कुणी ओळखत नव्हतं. दाराशी बशीत चहा ओतून तो खाली मान घालून बसला होता.

“नर उडी हानतो…” रेडिओ बोलू लागला, आणि माणसं पुढे सरकली. माहुलचा चिखल, बिळं, निळे ठिपके, सगळं जणू समोर येऊन बसलं. शेवटी तो आवाज जरासा अडखळला. “निवटी मी जन्मापासून बघतोय. पण सुलक्षणा धुरी नावाच्या मुलीने आपला निवडलेला लेख मागे घेतला, म्हणून आज मी बोलतोय. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.”

सगळ्यांच्या माना सुलक्षणाकडे वळल्या. बाबांचीही. पाच दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं.

“कोण गो हो पोरगो?”

“तो काय, दाराशी बसलाय.”

“आणि तुझो कोण?”

वर्गातला, असं सांगून मोकळं होता आलं असतं. सुलक्षणाने सरळ बाबांकडे पाहिलं. “मला तो आवडतो, बाबा. त्याला अजून सांगितलं नव्हतं… आता कळलं असेल.”

बशीतला चहा हरेश्वरच्या मांडीवर सांडला. कुंदाताईंनी रेडिओ बंद केला. बाबा त्याच्याकडे वळले.

“माहुलचो मा तू?”

“हो.”

“मगे मासे ताजे गावतले मा?”

“रोज आणून देतो, बाबा,” हरेश्वर घाईघाईने म्हणाला, आणि ‘काका’ म्हणायचं राहून गेलं हे लक्षात येताच कानापर्यंत लाल झाला.

खोलीभर हशा पिकला. बाबाही हसले, तीन मजले ऐकू जाईल असे. सुलक्षणाला मात्र हसता येईना, तिचे डोळे भरून आले होते…