पाठीवरचं पाणी

वळसंगच्या माळावर मेंढरं राखणारे दोन भाऊ होते. थोरला सिद्धाप्पा, धाकटा येडू. येडूची बायको मी, केराबाई. एरवी नवऱ्याचं नाव घेत नाही. गोष्टीत घेतलं तर देव रागवत नाही. तेव्हा गोऱ्या साहेबाचं राज्य होतं.

सिद्धाप्पा म्हणजे नुसत्या मिशा. जेवतानाही डोळा दुसऱ्याच्या ताटात.

शेळ्यांना बाभळीच्या शेंगा पाडताना येडू झाडावरून पाठीवर पडला. बरगडीखालचं सगळं अंग मेलं. चिमटा काढला तरी कळेना. सोलापूरच्या डाक्टरानं सांगितलं, डोक्यातला मेंदू हुकूम सोडतो, तो मणक्यांतल्या दोरानं पायांपर्यंत पोचतो. येडूचा दोर तुटलाय. कापलेल्या मेंढराच्या पाठीत तो पांढरा दोर मी कितीदा पाहिला होता. घरी येऊन, येडू उठावा म्हणून बिरोबाला मेंढा बोलले. नवरा उठला नसता तर जन्मभर सिद्धाप्पाच्या दारात भाकरी मागावी लागली असती, आणि त्यापेक्षा विहीर बरी.

एवढ्या कळपातून सिद्धाप्पानं काढला कुठला मेंढा? डोक्यात पाण्याचा फोड झालेला. असं जनावर मान कलती करून एकाच अंगाला गोल फिरतं आणि फिरता फिरताच मरतं. मी म्हटलं, भावजी, आजारी जनावर देवाला कसं चालंल?

"देव काय टकुरं फोडून बघतोय व्हय?" म्हणाला, आणि स्वतःच हसला.

भर दुपारी मी विहिरीवरून घागर आणली. येडूला बाजेसकट देवापुढं ठेवलं होतं. आमच्यात मेंढ्याच्या पाठीवर पाणी घालतात. त्यानं अंग झाडलं तर देवानं घेतला; नाही झाडलं तर हत्यार लावायचं नाही. मी पाणी घातलं. मेंढा आपला डावीकडं फिरतोय. पुन्हा घातलं, तरी तेच. सिद्धाप्पाला मटणाची घाई. त्यानं हळूच बाभळीचा काटा मेंढ्याच्या कण्यात टोचला. कातडी थरारली.

"झाडलं की," तो म्हणाला, आणि एका घावात डोकं परातीत पाडलं.

वारा पडला. रक्ताचा आणि भिजल्या लोकरीचा वास नाकात बसला... धड उभंच होतं. मग ते चालू लागलं. कापलेलं जनावर पाय झाडतं, ते मी जन्मभर पाहिलंय. दोरात उरलेला जोर असतो तो. पण हे फिरत होतं. डावीकडं, गोल... फोड डोक्यात, डोकं परातीत, मग धडाला फिरवत कोण होतं?

सिद्धाप्पा निवडुंगात घुसला. मिशा सोबत नेल्या, धोतर काट्यावर राहिलं.

धड फिरत फिरत बाजेपाशी आलं, येडूच्या पायांवर टेकलं आणि निवलं.

"अगं..." येडू म्हणाला. त्याचा अंगठा हलत होता.

सुगीच्या आत येडू कळपामागं चालू लागला. मेंढरं वाढली, पोरंबाळं झाली, पत्र्याचं घर झालं. सिद्धाप्पा माझ्या दारात ताक मागायला यायचा. मी द्यायची, पाणी घालून. देवानं आमचं भलंच केलं.

फक्त येडूला न्हाऊ घालताना मी अजून डोळे मिटते. पाठीवर, बरगडीखाली तांब्या ओतला की तिथनं खालचं सगळं अंग मेंढ्यासारखं झाडतं, भिंतीवर शिंतोडे उडतात... आणि तो पुढं बघत मला विचारतो,

"अगं, घातलंस का पाणी?"